आम्हाला अर्धे प्रशिक्षण नको, सोयीची वेळ हवी: प्रशिक्षण मंडळांना खुले पत्र

प्रति,
व्यवसाय प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी मंडळे, प्रशिक्षण संस्थांचे प्राचार्य आणि कुशल कामगार नेमणारे उद्योजक

स. न. वि. वि.

मी ज्या संस्थेत वेल्डिंग शिकले तिथली संध्याकाळची तुकडी येत्या सत्रापासून बंद होत आहे. तसे परिपत्रक निघाले आहे. उपस्थिती कमी असते, असे कारण त्यात दिले आहे. पर्याय म्हणून नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठी काही आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू होणार आहे. त्यात शेवटी थोडे दिवस वर्कशॉप असेल आणि मग प्रमाणपत्र मिळेल. ज्यांना पूर्ण अभ्यासक्रम हवा त्यांनी दिवसाच्या तुकडीत नाव घालावे, असा सल्लाही आहे.

प्रश्न एकाच संस्थेचा असता तर मी प्राचार्यांना भेटून बोलले असते. पण या निर्णयामागचा विचार मला इतरत्रही दिसतो, म्हणून हे पत्र सगळ्यांना लिहीत आहे. विचार असा की प्रौढ माणसाला वेळ कमी असतो, तेव्हा त्याला शिकवायचेही कमी. हे मला मान्य नाही. आमची अडचण वेळ दिवसात कधी मिळतो याची आहे. दिवस कामात आणि घरात गेलेला असतो. संध्याकाळ आणि सुट्टीचा दिवस हातात असतो. तेवढ्या वेळात पूर्ण अभ्यासक्रम शिकायला आम्ही तयार आहोत, मग त्याला दुप्पट महिने लागले तरी चालतील.

मी अनेक वर्षे हिशेबाच्या टेबलावर काम केले. कंपनी बंद पडली तेव्हा चाळिशी जवळ आली होती आणि घरची जबाबदारी माझ्यावर होती. मिळेल ते काम दिवसा करायचे आणि संध्याकाळी वर्कशॉपला जायचे, असे करत मी शिकले. आज पाइप फॅब्रिकेशनमध्ये वेल्डर म्हणून माझे घर चालते. अधूनमधून मी त्याच तुकडीत निदेशकांच्या, म्हणजे वर्कशॉपमध्ये शिकवणाऱ्यांच्या, मदतीला जाते. तेव्हा जे लिहीत आहे ते शिकताना अनुभवलेले आहे आणि शिकवताना पाहिलेले आहे.

सर्वात आधी छाटलेल्या अभ्यासक्रमाबद्दल. व्हिडिओ पाहून खूप काही कळते, हे मी नाकारत नाही. ड्रॉइंगवरच्या खुणा, धातूंचे प्रकार, सुरक्षेचे नियम, वेल्डिंगच्या रॉडच्या नंबरांचा अर्थ हे सगळे घरी, रात्री, पुन्हा पुन्हा थांबवून पाहता आले तर आमच्यासारख्यांचे भलेच होईल. पण व्ही आकाराच्या खाचेत पहिला रूट रन, म्हणजे वेल्डचा तळाचा थर, मारताना हाताला एकाच वेळी काय काय सांभाळावे लागते ते पाहा. रॉडचे टोक आणि जॉब (जोडायचे काम) यांच्यातले अंतर साधारण रॉडच्या आतल्या तारेच्या जाडीइतकेच ठेवायचे असते. रॉड तर जळून सतत आखूड होत असतो. म्हणजे हात पुढे सरकवायचा, त्याच वेळी खालीही आणायचा, कोन बदलू द्यायचा नाही आणि नजर वितळलेल्या धातूवर ठेवायची. त्या उजेडात धातू कोणता आणि वर तरंगणारा स्लॅग (रॉडच्या लेपाचा वितळलेला मळ) कोणता, हे ओळखायला डोळ्यांना फार दिवस लागतात. एके दिवशी ते दिसू लागते आणि त्यानंतर खरे शिकणे सुरू होते. ज्याला थोडेच दिवस वर्कशॉप मिळते तो तिथपर्यंत पोचण्याआधीच घरी जातो.

पैशाचे सोंग आणता येत नाही म्हणतात, तसे हाताच्या सवयीचेही आणता येत नाही. वेल्डची परीक्षा तर फारच रोखठोक असते. जोडलेल्या प्लेटमधून पट्टी कापतात आणि ती यंत्रावर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवतात. मुळाशी धातू नीट मिसळला नसेल तर तिथेच फट उघडते. वरून बीड (वेल्डची रेघ) कितीही देखणा असो, पट्टी नापास. पोलाद जोडणाऱ्या वेल्डरांची पात्रता तपासण्यासाठी जगभर वापरले जाणारे आयएसओ ९६०६-१ हे मानक उमेदवाराचे वय विचारत नाही, शाळेची इयत्ता विचारत नाही. त्याने केलेला जोड तपासते. पास झाल्यावरही तो वेल्डर त्याच प्रकारचे काम करत आहे याची दर सहा महिन्यांनी नोंद व्हावी लागते. म्हणजे कारखान्याच्या दारातली कसोटी विशीतल्या मुलाला आणि चाळिशीतल्या बाईला एकच आहे. मग त्या कसोटीच्या तयारीला त्या बाईला कमी तास का?

याचा परिणाम मी पाहिला आहे. असे छोटे प्रमाणपत्र घेऊन माणूस कारखान्याच्या ट्रेड टेस्टला, म्हणजे काम करून दाखवायच्या परीक्षेला, जातो, नापास होतो आणि फोरमन म्हणतो, वय झालेल्या लोकांना हे काम जमत नाही. प्रशिक्षण अपुरे होते आणि ठपका वयावर बसला. मंडळाच्या अहवालात मात्र तो ‘प्रशिक्षित’ म्हणून मोजला गेलेला असतो. स्पष्ट लिहिते: याला आमच्या तोंडाला पाने पुसणे म्हणतात.

विजेच्या कामात तर प्रश्न जिवाचा आहे. लाइन बंद केली एवढ्यावर विसंबून तारेला हात लावायचा नसतो. स्विच कुलूपबंद करायचा, त्यावर सूचनेचा टॅग लावायचा, मग टेस्टर आधी चालू लाइनवर लावून तो नीट दाखवतो का ते बघायचे, नंतर बंद केलेल्या लाइनवर तपासायचे आणि शेवटी पुन्हा चालू लाइनवर लावून टेस्टर मधल्या मधे बिघडला नाही याची खात्री करायची. हा क्रम सगळ्यांना पाठ येतो. पण दिवसाच्या शेवटी, दमलेले असताना, घाई असताना, कोणी मागून हाका मारत असतानाही हात तो क्रम सोडत नाही, ही गोष्ट सरावाने येते. हा सराव न देता एखाद्या प्रौढाला वायरमन म्हणून बाहेर पाठवणे त्याच्यासाठी आणि त्याच्या हातची वायरिंग वापरणाऱ्यांसाठी धोक्याचे आहे.

आता उपस्थितीचे कारण. आकडे कमी आहेत हे खरे असेल, पण ते कमी का झाले हे कोणी विचारले का? संध्याकाळी आम्ही पोचतो तेव्हा स्टोअरकीपर घरी गेलेला असतो. रॉड दिवसाच्या तुकडीतून उरले असतील तेवढेच. प्लेट आधीच दोन्ही बाजूंनी वापरलेल्या. लो हायड्रोजन रॉड ओलावा धरतात, म्हणून पाकीट फोडल्यावर ते गरम ओव्हनमध्ये ठेवावे लागतात. नाहीतर वेल्डमध्ये हायड्रोजन शिरतो आणि काम थंड झाल्यावर तडा जाण्याची भीती असते. आमच्या तुकडीच्या वेळेला तो ओव्हन बंद करून ठेवलेला असायचा. पाळी संपवून, बस पकडून, उपाशी आलेला माणूस अर्धा तास रॉडची वाट पाहतो आणि परत जातो. असे काही वेळा झाले की तो यायचा थांबतो. नोंदवहीत ‘गैरहजर’ असे लिहिले जाते. त्या शब्दावरून तुकडी बंद करणे हा अन्याय आहे.

शिवाय हजेरी दिवसांवर मोजली जाते. ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते त्याने काय करावे? तो एका आठवड्यात चार संध्याकाळी येऊ शकतो, पुढच्या आठवड्यात एकही नाही. वर्षभराची बेरीज केली तर त्याचे तास पुरे भरतात. पण सलग गैरहजेरीच्या नियमात त्याचे नाव कमी होते. प्रशिक्षणाचे तास मोजा, दिवस मोजू नका. कोणता जॉब, कोणती पोझिशन (सपाट, उभी की डोक्यावरची), किती वेळा समाधानकारक झाली याची नोंद ठेवा. चांगले निदेशक आपापल्या वहीत ती ठेवतातच. तिला नियमात जागा द्यायची आहे.

संध्याकाळचे शिक्षण ही काही मेहेरबानीने सुरू झालेली सवलत नाही. लंडनमध्ये १८२३ साली जॉर्ज बर्कबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट काढली ती दिवसभर हातात हत्यार धरणाऱ्या माणसांसाठी. तिचेच पुढे बर्कबेक कॉलेज झाले आणि तिथले वर्ग आजही संध्याकाळी भरतात. दोनशे वर्षांपूर्वी जे समजले होते ते आज का विसरावे?

पुढची तक्रार आधीच्या अनुभवाची. माझ्या तुकडीशेजारी इलेक्ट्रिशियनच्या वर्गात एक गृहस्थ होते. अनेक वर्षे ठेकेदाराच्या हाताखाली त्यांनी घरांची वायरिंग केली होती. पाइप वाकवणे, तारा ओढणे, बोर्ड भरणे यात वर्गातल्या कोणाचाही हात त्यांच्याइतका साफ नव्हता. त्यांनाही पहिल्या दिवसापासून कानस आणि हॅकसॉ. त्यांना खरोखर जे येत नव्हते, म्हणजे विजेचा लोड किती येईल ते काढणे, अर्थिंगची तपासणी, ड्रॉइंग वाचणे, तिथे पोचेपर्यंत त्यांचा धीर संपला आणि त्यांनी वर्ग सोडला. ते आजही परवान्याशिवाय, दुसऱ्याच्या नावावर काम करतात.

याला मार्ग आहेत आणि ते इतर देशांत चालू आहेत. जर्मनीच्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्यात अशी तरतूद आहे की एखाद्या व्यवसायाच्या ठरलेल्या प्रशिक्षण काळाच्या दीडपट काळ ज्याने ते काम प्रत्यक्ष केले आहे, तो थेट अंतिम परीक्षेला बसू शकतो. म्हणजे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी साडेचार वर्षांचा अनुभव. स्वित्झर्लंडमध्ये अशा उमेदवाराकडून किमान पाच वर्षांचा कामाचा अनुभव मागतात. डेन्मार्कने २०१५ पासून २५ वर्षांवरील लोकांसाठी व्यवसाय शिक्षणाची स्वतंत्र वाट केली आहे. तिथे आधी काय येते हे तपासून मग किती शिकायचे ते ठरते. यातल्या कोणत्याही ठिकाणी परीक्षा सोपी केलेली नाही. परीक्षा तीच, तिथवर पोचायचा रस्ता वेगळा.

इथे मला आमच्याच बाजूच्या काही लोकांशीही मतभेद नोंदवायचा आहे. ‘आम्हाला सगळे येते, फक्त कागद द्या’ ही मागणी मला पटत नाही. अनुभवात चुकीच्या सवयीही मुरलेल्या असतात. एका दिवसात दहा-पाच प्रश्न विचारून वाटलेली प्रमाणपत्रे शेवटी आमचीच पत घालवतात. अनुभवाची मान्यता म्हणजे वर्कशॉपमध्ये, जाणत्या परीक्षकासमोर, पूर्ण जॉब करून दाखवणे. त्यात जे उणे निघेल ते शिकवायची सोय त्याच संस्थेत हवी. ती नसेल तर ती मान्यता अर्धवटच राहते.

आता एक गोष्ट जी नियमावलीत कुठेच नाही. आमच्या तुकडीत एक जण रेषा सोडून वेल्ड मारायचे. जोड एकीकडे, बीड दुसरीकडे. हात स्थिर, करंट बरोबर, तरी तसेच. लोक म्हणू लागले की यांना नाही जमायचे. एका संध्याकाळी निदेशकांनी त्यांना विचारले, पेपर वाचायला चष्मा लागतो का? लागत होता. पण तो हेल्मेटखाली नीट बसत नाही म्हणून ते काढून ठेवत. निदेशकांनी हेल्मेटच्या गडद काचेमागे बसणारे एक छोटे चौकोनी भिंग आणून लावले. त्याच संध्याकाळी त्यांचा बीड जोडावर आला. मी शेजारच्या बूथमध्ये होते. हेल्मेट वर करून ते कितीतरी वेळ त्या प्लेटकडे पाहत उभे होते.

चाळिशी लागली की जवळचे अंधूक दिसणे हे सगळ्यांचेच होते. वेल्डर आपल्या जॉबपासून हातभर अंतरावरून पाहतो, म्हणजे नेमके तेच अंतर. असे असताना प्रौढांना प्रवेश देताना डोळे तपासून घेणे आणि वर्कशॉपमध्ये चार नंबरांची भिंगे ठेवणे, एवढे साधे काम संस्था का करत नाहीत? किती लोक ‘जमत नाही’ म्हणून गेले असतील ज्यांना खरे तर दिसत नव्हते, हा विचार मला अजून छळतो. हाच प्रकार लेथवर बारीक माप घ्यायच्या व्हर्नियरच्या रेषांचा, हाच मल्टिमीटरच्या आकड्यांचा. खाली बसून, वाकून करायच्या पोझिशनचेही तसेच. सगळे काम एका दमात करायला लावण्याऐवजी मध्ये उठू द्या. कसोटीत सूट मागत नाही; शिकताना शरीराचा विचार करा एवढेच म्हणते.

गणिताबद्दल थोडे. वर्ग सोडणाऱ्यांत बरेच जण गणिताच्या भीतीने सोडतात. शाळा सुटून वीस वर्षे झालेल्या माणसासमोर पहिल्याच आठवड्यात फळाभर त्रिकोणमिती लिहिली तर तो घाबरणारच. त्याच माणसाला पाइपला ४५ अंशांचा ऑफसेट घालायला, म्हणजे दोन वाक देऊन तो बाजूला सरकवायला, द्या, दोन वाकांमधले अंतर काढायला उंचीला १.४१४ ने गुणायला सांगा, ३० अंशांना २ ने, आणि पाइप भिंतीला बरोबर बसला की मग हे आकडे कुठून येतात ते शिकवा. कोपरा काटकोनात आहे का हे ३, ४, ५ च्या मापाने तपासायला गवंड्याला कोणी प्रमेय विचारत नाही. पण तपासून झाल्यावर त्याला प्रमेय समजावले तर ते जन्मभर लक्षात राहते. प्रौढ शिकतो तो कामाकडून सूत्राकडे. हे ज्यांना माहीत आहे असे निदेशक हवेत, आणि निदेशकांच्या स्वतःच्या प्रशिक्षणात हा विषय हवा.

स्त्रियांचे हातमोजे आणि चामड्याचे जॅकेट त्यांच्या मापाचे असावे, स्वच्छतागृह संध्याकाळीही उघडे असावे आणि मुलांना सांभाळायची काही सोय असावी. यावर जास्त लिहायची गरज पडू नये.

उद्योजकांनाही माझे एक म्हणणे आहे. शिकाऊ उमेदवार हवेत अशा जाहिरातीत तुम्ही वयाची अट घालता आणि दुसरीकडे कुशल माणसे मिळत नाहीत असे सांगता. जो माणूस कुटुंब चालवतो, एकदा व्यवसाय बदलून मोठी किंमत मोजून तुमच्याकडे येतो, तो सहजासहजी काम सोडून जात नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७४ मध्येच पगारी शैक्षणिक रजेचा करार केला आणि २०२३ मध्ये दर्जेदार शिकाऊ उमेदवारीबद्दल शिफारस मंजूर केली. पूर्वीच्या शिक्षणाची आणि अनुभवाची दखल घ्यावी हे त्या शिफारशीतही आहे. कामगाराला परीक्षेच्या दिवशी रजा मिळावी म्हणून हात जोडावे लागतात, ही आजची स्थिती आहे. विद्यावेतनाचेही तसेच. ते आई-वडिलांकडे राहणाऱ्या मुलाचा विचार करून ठरते. घरात खाणारी तोंडे असलेला माणूस त्यावर वर्षभर राहू शकत नाही, म्हणून तो शिकतच नाही.

आणि प्रवेशाआधीच्या मार्गदर्शनाची तर बोंबच आहे. प्रौढ माणूस चौकशीला येतो तेव्हा त्याला माहितीपत्रक मिळते. त्या कामात उंचीवर चढावे लागेल का, बंद टाकीत उतरावे लागेल का, गावोगाव फिरावे लागेल का, परवाना कोण देतो आणि त्याला किती अनुभव लागतो, गुडघे दुखत असतील तर कोणता ट्रेड सोसेल, हे त्याला कोणी सांगत नाही. विशीतला मुलगा एक वर्ष वाया गेले तर दुसरीकडे वळतो. आमच्याकडे तसे जास्तीचे वर्ष नसते. प्रवेश घेण्यापूर्वी दोन-तीन ट्रेडच्या वर्कशॉपमध्ये एकेक दिवस काढू द्या, तिथे काम करणाऱ्या माणसाशी बोलू द्या. चुकीचे प्रवेश तिथेच टळतील.

तर मागण्या अशा. संध्याकाळची तुकडी बंद करण्याचा निर्णय मागे घ्या आणि सुट्टीच्या दिवशीही वर्कशॉप उघडे ठेवा. प्रौढांसाठी अभ्यासक्रमाचे एकूण प्रात्यक्षिक तास दिवसाच्या तुकडीइतकेच ठेवा; थिअरी ऑनलाइन करा, तिला आमचा पाठिंबा आहे. हजेरी तासांवर आणि पूर्ण केलेल्या जॉबवर मोजा. संध्याकाळच्या वेळेला स्टोअर, ओव्हन, रॉड आणि नव्या प्लेट यांची जबाबदारी नेमून द्या. अनुभवी कामगारांसाठी प्रात्यक्षिक चाचणी आणि उणिवांपुरते प्रशिक्षण सुरू करा. प्रवेशाच्या वेळी डोळे तपासा. विद्यावेतन ठरवताना उमेदवारावर किती जण अवलंबून आहेत ते पाहा. आणि छोट्या प्रमाणपत्रांवर स्पष्ट लिहा की हे प्राथमिक ओळखीचे प्रमाणपत्र आहे, ट्रेड पूर्ण केल्याचे नाही, म्हणजे उमेदवार फसणार नाही आणि कारखानाही.

यातल्या काही मागण्यांना पैसे लागतील हे मला कळते. पण स्टोअरची किल्ली संध्याकाळी कोणाकडे असावी, हजेरी कशी मोजावी, प्रमाणपत्रावर काय छापावे, यासाठी एका बैठकीपेक्षा जास्त काही लागत नाही. ती बैठक सत्र सुरू होण्याआधी घ्या आणि तिला संध्याकाळच्या तुकडीत सध्या शिकणारे दोन प्रशिक्षणार्थी व एक निदेशक बोलवा. आमच्या तुकडीतून बाहेर पडून कामाला लागलेले काही जण आठवड्यातून एक संध्याकाळ मदतीला यायला तयार आहेत; त्यांची नावे मी प्राचार्यांकडे दिली आहेत. निर्णय काहीही झाला तरी तो कारणांसह नोटीस बोर्डावर लावावा. प्रवेशाची मुदत संपायच्या आत तो कळला, तर ज्यांनी अर्ज भरून ठेवले आहेत त्यांना दुसरीकडे जायचे की थांबायचे हे ठरवता येईल.

कळावे,

संध्याकाळच्या तुकडीत शिकलेली एक वेल्डर